आशेची परीक्षा : स्वमग्न मुलांचे पालक आणि 'नवे' उपचार

आमच्या अभ्यासवर्गात एका भगिनीने एके दिवशी एक घडी घातलेला कागद पुढे केला. तिच्या चार वर्षांच्या मुलाला द्यावयाच्या गोष्टींची ती यादी होती. जीवनसत्त्वाच्या गोळ्या, मॅग्नेशियम, माशाचे तेल, गहू आणि दूध बंद, एक भस्म, आणि सर्वांत शेवटी 'शरीरातील जड धातू काढण्याचा' कोर्स. मुलगा स्वमग्न आहे, असे निदान सहा महिन्यांपूर्वी झाले होते. यादीचा महिन्याचा खर्च घरातल्या एकुलत्या एका पगाराच्या निम्म्याहून जास्त होता. तिचा प्रश्न अगदी साधा होता : "दादा, यातलं खरं काय?"

त्या दिवशी आम्हांपैकी कोणालाही धड उत्तर देता आले नाही. पदवीधर असूनही आम्ही गप्प बसलो, याची आम्हांला लाज वाटली. त्यानंतर आम्ही जे वाचले आणि डॉक्टरांना विचारून जे समजून घेतले, ते या पाठात मांडत आहोत. हा पाठ म्हणजे औषधाची चिठ्ठी नव्हे. कोणताही उपचार सुरू करण्यापूर्वी वा बंद करण्यापूर्वी बालरोगतज्ज्ञांना विचारलेच पाहिजे. एखादा दावा पुढे आला म्हणजे तो तपासावा कसा, एवढेच आम्हांला येथे सांगावयाचे आहे.

१. स्वमग्नता म्हणजे काय?

अमेरिकेतील बाल्टिमोर येथील डॉ. लिओ कॅनर यांनी १९४३ साली अकरा मुलांचे वर्णन प्रसिद्ध केले. ही मुले माणसांपेक्षा वस्तूंत अधिक रमत, बोलत तर ऐकलेलेच शब्द पुन्हा पुन्हा उच्चारत आणि रोजच्या क्रमात थोडाही बदल झाला की अस्वस्थ होत. या अवस्थेलाच आज आपण स्वमग्नता किंवा ऑटिझम म्हणतो.

मेंदूची घडण जन्मापूर्वीपासूनच वेगळ्या रीतीने झाल्यामुळे ही अवस्था येते आणि तीत आनुवंशिकतेचा वाटा मोठा असतो, हे आता स्पष्ट झाले आहे. ती रक्ताच्या तपासणीत दिसत नाही. मुलाचे वागणे, खेळणे, बोलणे यांच्या निरीक्षणावरून तज्ज्ञ निदान करतात. ती पूर्णपणे घालवणारे औषध आजमितीस नाही. परंतु याचा अर्थ मूल आहे तेथेच राहते असा मुळीच नव्हे. स्वमग्न मूलही वाढते, शिकते, बदलते. मात्र त्याची चाल त्याची स्वतःची असते. कधी वर्षभर काहीच हालचाल दिसत नाही आणि मग एका महिन्यात चार नवे शब्द येतात. पुढील सर्व विवेचनात ही गोष्ट ध्यानात ठेवावी, कारण सगळा घोटाळा येथूनच सुरू होतो.

२. पालकांचा विश्वास का उडाला?

पालक डॉक्टरांना सोडून इतरत्र का धावतात, असा प्रश्न सुशिक्षित मंडळी मोठ्या तोऱ्यात विचारतात. त्याचे उत्तर इतिहासात आहे.

१९५० आणि १९६० च्या दशकांत अमेरिकेतील बरेच तज्ज्ञ असे मानत की, आईच्या थंडपणामुळे मूल स्वमग्न होते. 'रेफ्रिजरेटर मदर', म्हणजे बर्फासारखी थंड आई, असा शब्दच रूढ झाला होता. शिकागोचे ब्रूनो बेटलहाइम यांनी १९६७ साली या मताचा पुरस्कार करणारे पुस्तक लिहिले आणि ते खूप गाजले. ज्या आया रात्र रात्र जागून मुलाला सांभाळत होत्या, त्यांनाच दोषी ठरविण्यात आले.

या मताला जोरदार धक्का दिला तो एका बापाने. बर्नार्ड रिमलँड हे अमेरिकन नौदलात काम करणारे मानसशास्त्रज्ञ. त्यांचा स्वतःचा मुलगा स्वमग्न होता. मिळेल तेथून लेख गोळा करून त्यांनी अभ्यास केला आणि १९६४ साली पुस्तक लिहून दाखवून दिले की, स्वमग्नतेचे मूळ आईच्या वागण्यात नसून शरीरात, मेंदूच्या घडणीत आहे. त्या पुस्तकाला खुद्द कॅनर यांनी प्रस्तावना लिहिली. पुढे १९६५ साली रिमलँड यांनी इतर पालकांसह स्वमग्न मुलांसाठी राष्ट्रीय संघटना उभारली आणि १९६७ साली संशोधन संस्था काढली.

म्हणजे येथे तज्ज्ञ चुकले होते आणि बाप बरोबर होता. हा विजय पालक विसरले नाहीत, आणि त्यांनी तो विसरावा तरी का? परंतु याच रिमलँड यांनी पुढे जीवनसत्त्वांचे मोठे डोस, विशेष आहार इत्यादी उपायांचा हिरिरीने प्रचार केला. १९९५ साली त्यांच्या संस्थेने अशा 'जैववैद्यकीय' उपचारांची चळवळच सुरू केली. पालकांना वाटले, ज्या माणसाने एकदा सत्य सांगितले तो दुसऱ्यांदाही सत्यच सांगत असणार. माणूस तोच होता, तळमळही तीच होती. पण एका बाबतीत बरोबर ठरलेला माणूस दुसऱ्या बाबतीत आपोआप बरोबर ठरत नाही. प्रत्येक दावा त्याच्या त्याच्या पुराव्यावर उभा राहिला पाहिजे. हे समजण्यासाठी सिक्रेटिनची हकिकत पाहू.

३. सिक्रेटिनची हकिकत

सिक्रेटिन हे आपल्या लहान आतड्यात तयार होणारे संप्रेरक होय. लंडनमध्ये बेलिस आणि स्टार्लिंग या शास्त्रज्ञांनी ते १९०२ साली शोधून काढले. जठरातील आम्लयुक्त अन्न आतड्यात उतरले की सिक्रेटिन स्वादुपिंडाला संदेश देते आणि आम्ल मारणारा रस बाहेर येतो. स्वादुपिंड नीट काम करते की नाही हे पाहण्यासाठी डॉक्टर ते इंजेक्शनाने देत असत.

१९९६ साली अमेरिकेत एका तीन वर्षांच्या स्वमग्न मुलाला सततच्या जुलाबांमुळे ही तपासणी करावी लागली. त्यानंतर काही आठवड्यांत त्याचे पोट तर सुधारलेच. पण तो नजरेला नजर देऊ लागला, बोलू लागला, असे त्याच्या आईने पाहिले. तिने डॉक्टरांच्या मागे लागून ही गोष्ट पुढे आणली. १९९८ साली डॉक्टरांनी अशा तीन मुलांची माहिती प्रसिद्ध केली. त्याच वर्षी हा विषय अमेरिकेत दूरदर्शनवर झळकला आणि एकच झुंबड उडाली. रिमलँड यांनीही सिक्रेटिनचे जोरदार स्वागत केले. औषधाचा साठा अपुरा पडला, किमती भडकल्या, दूरदूरचे पालक इंजेक्शनासाठी रांगा लावू लागले.

ही आई खोटे बोलत होती काय? मुळीच नाही. तिने जे पाहिले तेच सांगितले. प्रश्न एवढाच होता की, जे घडले ते सिक्रेटिनमुळे घडले, की सिक्रेटिननंतर घडले?

हा प्रश्न सोडविण्यासाठी उत्तर कॅरोलिना राज्यातील डॉक्टरांनी साठ मुलांची चाचणी घेतली. चिठ्ठ्या टाकाव्यात तशा पद्धतीने मुलांचे दोन गट केले. एका गटाला सिक्रेटिनचे एक इंजेक्शन दिले, दुसऱ्याला तेवढेच मिठाचे पाणी. कोणाला काय दिले हे पालकांना माहीत नव्हते आणि मुलांची पाहणी करणाऱ्यांनाही माहीत नव्हते. चार आठवडे निरीक्षण करून डिसेंबर १९९९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले.

स्वमग्नतेची लक्षणे मोजण्याच्या एका तक्त्यावर सिक्रेटिन घेतलेल्या मुलांचे गुण सरासरी ८.९ ने कमी झाले, म्हणजे त्यांच्यात सुधारणा दिसली. पण मिठाचे पाणी घेतलेल्यांचे गुण १७.८ ने कमी झाले! यावरून मिठाचे पाणी हे औषध आहे असे कोणी समजू नये. एवढ्या लहान गटांत असा फरक योगायोगानेही पडतो. अर्थ एवढाच की, सिक्रेटिनचा वेगळा असा काहीही उपयोग दिसला नाही. पुढे अशा आणखी चाचण्या झाल्या. २०१२ साली अशा सोळा चाचण्यांचा, म्हणजे नऊशेहून अधिक मुलांचा, एकत्रित आढावा घेण्यात आला. निष्कर्ष तोच निघाला.

मात्र या हकिकतीतील सर्वांत बोलकी गोष्ट पुढेच आहे. १९९९ च्या चाचणीतील पालकांना निकाल सांगण्यात आला, तेव्हाही त्यांपैकी ६९ टक्के पालक म्हणाले की, आम्हांला सिक्रेटिनमध्ये अजूनही रस आहे. यावर हसू नये. आशा सोडणे ही आईबापांसाठी किती कठीण गोष्ट असते, हे त्या आकड्यात दिसते.

४. मिठाच्या पाण्याने मुले 'सुधारली' कशी?

याची कारणे विद्यार्थी मित्रांनी नीट समजून घ्यावीत, कारण ती प्रत्येक चमत्कारी उपचाराला लागू पडतात.

पहिले कारण, मूल वाढतच असते. चार आठवड्यांत, चार महिन्यांत ते काहीतरी शिकतेच. त्याच काळात औषध चालू असेल तर श्रेय औषधाला जाते.

दुसरे कारण, आपण नवा उपचार कधी शोधतो? मुलाची स्थिती अगदी वाईट असते तेव्हा. वाईट दिवसांनंतर बरे दिवस बहुधा येतातच.

तिसरे कारण, आशेने पाहणारा डोळा. काल ज्या हुंकाराकडे लक्ष गेले नव्हते, तोच हुंकार आज 'आई' असा ऐकू येतो.

चौथे कारण, सोबतचे प्रयत्न. गोळ्या सुरू करणारे पालक त्याच वेळी मुलाबरोबर अधिक खेळू लागतात, वाचा-उपचारही सुरू करतात. फायदा त्याचा होतो. नाव गोळीचे होते.

म्हणूनच "शेजारच्या मुलाला गुण आला" हा पुरावा होऊ शकत नाही. ज्यांना औषध दिले आणि ज्यांना दिले नाही, अशा दोन सारख्या गटांची तुलना हाच पुरावा. आणि ही कसोटी सर्वांना सारखीच लावावयाची : परदेशी गोळीला, घरगुती काढ्याला आणि मोठ्या इस्पितळातील डॉक्टरांनाही. 'थंड आई'चा सिद्धांत मांडणाऱ्या तज्ज्ञांनी अशी तुलना कधी केलीच नव्हती.

५. कागदावरील यादीची तपासणी

आता त्या भगिनीच्या कागदाकडे वळू.

जीवनसत्त्व 'बी-६' आणि मॅग्नेशियम : यावर झालेल्या चाचण्या थोड्या व फार लहान आहेत; त्यांवरून उपयोग सिद्ध होत नाही. 'बी-६' दीर्घकाळ मोठ्या प्रमाणात घेतल्यास हातापायांच्या नसांना इजा होते. 'अ' आणि 'ड' ही जीवनसत्त्वे शरीरात साठून राहतात, त्यामुळे त्यांचाही अतिरेक बाधतो. 'जीवनसत्त्वच तर आहे, अपाय काय होणार?' हा समज चुकीचा आहे.

गहू आणि दूध बंद : काटेकोर चाचण्यांत याचा स्वमग्नतेवर परिणाम दिसलेला नाही. ज्या मुलाला गव्हाचा किंवा दुधाचा खरोखर त्रास होतो, त्याची गोष्ट वेगळी. त्याची तपासणी करता येते. पण अनेक स्वमग्न मुले मुळातच मोजके तीन-चार पदार्थ खातात. त्यांतून पोळी आणि दूध काढून घेतले तर मूल खाणार काय?

माशाचे तेल : योग्य प्रमाणात सहसा अपाय नाही, पण स्वमग्नता कमी होते असा भक्कम पुरावाही नाही.

फोलिनिक आम्ल : याविषयी अलीकडे बरीच चर्चा आहे. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या ४८ मुलांच्या चाचणीत काहींच्या बोलण्यात सुधारणा दिसली. परंतु ४८ हा आकडा लहान आहे. सिक्रेटिनचा अनुभव ध्यानात ठेवून मोठ्या चाचण्यांची वाट पाहावी.

भस्म : १४ नमुन्यांत शिसे, पारा किंवा आर्सेनिक! अमेरिकेतील बोस्टन शहरात विकल्या जाणाऱ्या, दक्षिण आशियात बनलेल्या ७० आयुर्वेदिक औषधांची तपासणी २००४ साली प्रसिद्ध झाली, तिचा हा निष्कर्ष. एकीकडे धातू काढण्याचा कोर्स आणि दुसरीकडे धातू घालणारे भस्म, असा प्रकार एकाच कागदावर होता!

जड धातू काढणे : यास 'किलेशन' म्हणतात. शिशाची विषबाधा रक्त-तपासणीत सिद्ध झाली तर हा खरा उपचार आहे. स्वमग्नतेसाठी मात्र त्याचा उपयोग सिद्ध झालेला नाही. लशींतील पाऱ्यामुळे स्वमग्नता येते या समजुतीतून तो पसरला. गोवर-गालगुंड-रुबेलाच्या लशीवर आळ घेणारा १९९८ चा लेख अवघ्या बारा मुलांवर आधारलेला होता. तो २०१० साली नियतकालिकाने रद्द केला. उलट २०१९ साली डेन्मार्कमधील ६,५७,४६१ मुलांच्या अभ्यासात त्या लशीचा स्वमग्नतेशी संबंध आढळला नाही. पण या समजुतीची किंमत मोजावी लागली. ऑगस्ट २००५ मध्ये अमेरिकेच्या पेनसिल्व्हेनिया राज्यात पाच वर्षांचा एक स्वमग्न मुलगा किलेशनचे औषध शिरेतून देत असताना मरण पावला. त्या औषधाने रक्तातील कॅल्शियम एकदम उतरले आणि हृदय बंद पडले. त्याचे आईबाप त्याचे भले करण्यासाठीच त्याला तेथे घेऊन गेले होते.

कागदावर नसलेल्या तीन गोष्टीही सांगितल्या पाहिजेत. काही ठिकाणी क्लोरिन डायऑक्साइडचे थेंब देतात. ते विरंजक, म्हणजे कापड-कागद पांढरे करणारे रसायन आहे आणि अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१० व २०१९ साली त्याविरुद्ध इशारे दिले आहेत. दाबाखालील प्राणवायूच्या पेटीत बसविण्याच्या उपचाराबद्दल आणि किलेशनबद्दल ब्रिटनच्या 'नाइस' या संस्थेने २०१३ सालीच 'स्वमग्नतेसाठी वापरू नये' असे स्पष्ट सांगितले. आणि आपल्या देशात लाखो रुपये घेऊन देण्यात येणाऱ्या मूलपेशींच्या, म्हणजे स्टेम सेलच्या, उपचाराची राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या मंडळाने डिसेंबर २०२२ मध्ये स्वमग्नतेसाठी शिफारस नाकारली आहे.

मग सगळ्याच गोळ्या निरर्थक काय? तसे नाही. मोजकेच खाणाऱ्या मुलात लोह, 'ड' किंवा अन्य जीवनसत्त्वाची कमतरता असू शकते. ती तपासणीत आढळली तर भरून काढलीच पाहिजे. झोप न लागणाऱ्या काही मुलांना डॉक्टरांच्या देखरेखीखाली मेलॅटोनिनचा उपयोग होतो. मुलाला फिट्स येत असतील, पोट दुखत असेल, दात दुखत असेल तर त्याचा उपचार व्हावा. न बोलणारे मूल वेदना सांगू शकत नाही, ते फक्त चिडते. हे सर्व उपचार मुलाचे जगणे सुसह्य करतात. ते स्वमग्नता 'बरी' करीत नाहीत आणि तसा दावाही करीत नाहीत. खरा उपचार आणि खोटा दावा यांतील फरक तो हाच.

६. उपयोगी ते कोणते?

आपल्या जवळचेच उदाहरण देतो. गोव्यात 'संगाथ' या संस्थेच्या सहभागाने आणि पाकिस्तानातील रावळपिंडी येथे मिळून ६५ मुलांची एक चाचणी झाली. तिचे निष्कर्ष २०१६ साली प्रसिद्ध झाले. तज्ज्ञ नसलेल्या, पण प्रशिक्षण दिलेल्या कार्यकर्त्यांनी बारा बैठकांत आईबापांना शिकविले : मूल कशाकडे पाहते ते आधी पाहा, त्याच्या मागे जा, त्याच्या खेळात शिरा, त्याने पुढाकार घेण्याची वाट पाहा. आईबाप मुलाशी खेळत असतानाचे चित्रण त्यांनाच दाखवून हे शिकविण्यात आले. तुलनेच्या गटापेक्षा या पालकांचा मुलांना मिळणारा प्रतिसाद सुधारला आणि मुले स्वतःहून अधिक संवाद साधू लागली. सगळ्याच बाबतींत फायदा दिसला नाही, हेही त्या अभ्यासकांनी प्रामाणिकपणे नोंदविले. या पद्धतीत आईला दोष नाही. उलट तिच्या हातात साधन दिले आहे.

शिवाय, आपले हक्क आपण मिळवीत नाही ही खेदाची गोष्ट आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात स्वमग्नतेचा समावेश आहे. चाळीस टक्के वा अधिक दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र असल्यास सहा ते अठरा वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क मिळतो. १९९९ च्या कायद्याने स्थापन झालेल्या राष्ट्रीय न्यासाची 'निरामय' ही एक लाख रुपयांपर्यंतची आरोग्य विमा योजना आहे. जिल्हा रुग्णालयांशी जोडलेली शीघ्र निदान व उपचार केंद्रे बालकांच्या तपासणीसाठीच आहेत. गोळ्यांच्या दुकानाची वाट सर्वांना ठाऊक असते. या केंद्राची वाट दाखविणारा मात्र कोणी भेटत नाही.

कोणताही नवा उपचार पुढे आला तर पालकांनी हे पाच प्रश्न विचारावेत :

(१) तुलनेची चाचणी झाली आहे काय, आणि किती मुलांवर?
(२) अपाय कोणते? 'काहीच अपाय नाही' असे उत्तर आले तर सावध व्हावे.
(३) सांगणारा आणि विकणारा एकच आहे काय?
(४) किती दिवसांत काय दिसले नाही तर बंद करावयाचे? याचे उत्तर आधीच लिहून ठेवावे.
(५) हाच पैसा आणि वेळ वाचा-उपचारावर, शाळेवर किंवा घराच्या अन्नावर खर्च केला तर?

७. आपली जबाबदारी

त्या भगिनीबरोबर आमच्यापैकी दोघे जिल्हा रुग्णालयात गेले. मुलाच्या रक्तात लोह कमी निघाले. तेवढे औषध डॉक्टरांनी दिले. धातू काढण्याचा कोर्स आणि भस्म तिने बंद केले. माशाचे तेल मात्र चालू ठेवले. डॉक्टरांनी हरकत घेतली नाही, आम्हीही घेतली नाही. मुलगा अजून बोलत नाही. पण तहान लागली की आईचा हात धरून माठाकडे नेतो. पूर्वी तो फक्त रडत असे.

तिने नंतर आम्हांला एक गोष्ट सांगितली, ती आमच्या मनातून जात नाही. ती म्हणाली, "गोळ्या विकणारा माणूस माझ्याशी तासभर बोलला. बाकी सगळ्यांनी विचारलं, पोटुशी असताना काय खाल्लंस, कोणतं ग्रहण पाहिलंस."

बंधूभगिनींनो, 'थंड आई'चा सिद्धांत अमेरिकेत मोडीत निघाला. आपल्या वस्तीत तो वेगळ्या शब्दांत अजून जिवंत आहे. जो समाज आईला दोष देतो, तोच तिला खोट्या आशेच्या दारात नेऊन सोडतो. तिला नुसते 'अंधश्रद्धाळू' म्हणून चालणार नाही. तिच्या मुलाला आठवड्यातून दोन तास सांभाळावे, प्रमाणपत्राच्या रांगेत तिच्याबरोबर उभे राहावे, लग्नकार्यात त्या मुलाला बोलवावे आणि त्याने कान झाकले तर लाउडस्पीकर कमी करावा. एवढे आपण केले, तर तपासून पाहण्याइतके बळ आईबापांना आपोआप येईल.

अभ्यासवर्गासाठी प्रश्न

(१) सिक्रेटिनमुळे सुधारणा झाली असे आईला का वाटले? तिचे निरीक्षण खरे असूनही निष्कर्ष चुकीचा कसा ठरला?
(२) रिमलँड एका बाबतीत बरोबर आणि दुसऱ्या बाबतीत चूक ठरले. यावरून आपण कोणता धडा घ्यावा?
(३) आपल्या घरात वापरात असलेल्या एखाद्या औषधाला किंवा टॉनिकला वरील पाच प्रश्न लावून पाहा.
(४) आपल्या वस्तीतील स्वमग्न मुलाच्या कुटुंबाला आपला गट येत्या महिन्यात कोणती एक मदत करू शकेल?